इसब, नायटा की आणखी काही? लेकाच्या खाजेबद्दल मदत हवी आहे

ऋतुगंध

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. काल रात्री पावणेतीनला उठून पुन्हा चादर बदलली आणि ठरवलं, आता विचारतेच.

मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. चार-पाच महिन्यांचा असताना गाल लाल, खरखरीत व्हायचे. लाळेमुळे होतं, असं सगळे म्हणाले आणि पुढे ते गेलंही. गेल्या दिवाळीनंतर मात्र कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांमागे चट्टे आले. आधी नुसते कोरडे होते. आता खाजवून खाजवून तिथली कातडी जाड झाली आहे, हात फिरवला की काथ्यासारखी लागते. नखं सारखी कापते, तरी सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतात, मोहरी सांडल्यासारखे.

औषधाच्या दुकानात दाखवलं तर "नायटा आहे, हे लावा" म्हणून मलम दिलं. चार दिवसांत खरंच गेलं. बंद केल्यावर आठवड्याभरात दुप्पट होऊन आलं. मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले एक्झिमा, म्हणजे आपलं इसब. त्यांनी स्टिरॉइडचं मलम लिहून दिलंय. घरात कुणालाच ते पसंत नाही, मलाही भीती वाटते. आठ दिवस ट्यूब फ्रिजवर न उघडता पडली आहे.

नक्की नायटा की इसब? मलम लावू का? दूध आणि अंडं बंद करायला सांगतायत, करू का? आम्ही धायरीला राहतो, पाणी टँकरचं आणि बोअरचं, त्यामुळे पाणी मऊ करणारं यंत्र घ्यावं असंही डोक्यात आहे. अनुभव असतील तर प्लीज लिहा. झोप नाही, त्यामुळे विस्कळीत लिहिलंय.

घाटमाथा

दुकानातून आणलेल्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथे टाका. ते कळल्याशिवाय पुढे काही बोलण्यात अर्थ नाही. आणि तोवर ती लावू नका.

दोन_पोरांची_आई

ऋतुगंध, आधी एक घट्ट मिठी. आमची मोठी याच वयात अशीच होती, आता अकरा वर्षांची आहे आणि थंडीत थोडं सोडलं तर त्वचा छान आहे. सविस्तर रात्री लिहिते.

कडुनिंब

स्टिरॉइड लावू नका एवढंच सांगेन. रोग आत दाबला जातो. आयुर्वेदात याला विचर्चिका म्हणतात, पथ्य पाळलं तर मुळापासून जातो. दूध, दही, वांगं, आंबट बंद. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ. माझ्या पुतण्याला याने फरक पडला आहे.

नीलमोहर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. धाग्यावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण निदान कसं होतं हे सांगितलं तर तुम्हाला तुमच्या डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल.

एक्झिमा ठरवणारी एकही रक्ततपासणी नाही. आयजीई, म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड, वाढलेलं असू शकतं, पण ते जंतांमुळेही वाढतं, आणि ते नॉर्मल असूनही एक्झिमा असतो. निदान होतं ते बघून आणि विचारून. खाज हवीच. ती नसेल तर आम्ही दुसरंच काही शोधतो. मग विचारतो, सुरुवात दोन वर्षांच्या आत झाली होती का? त्वचा एकूणच कोरडी आहे का? घड्यांमध्ये येतं का? घरात कुणाला दमा किंवा शिंकांची ॲलर्जी आहे का? तान्ह्या बाळांत गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतं, चालायला-पळायला लागलेल्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मोठ्यांत हात, पापण्या, मान. बाळांत लंगोटाचा भाग बहुधा वाचलेला असतो. तुमचं वर्णन, गालांपासून घड्यांपर्यंत, याच वाटेने जातंय.

नायटा वेगळा असतो. गोल पसरतो, कडा उठलेली आणि मध्ये साफ. शंका असेल तर कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, काही मिनिटांत बुरशी दिसते. खरूज वेगळी. बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती, रात्री जास्त, आणि बहुतेक वेळा घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारते, "घरात अजून कुणाला खाज येते?"

आणखी एक गोष्ट, कारण मोबाईलवर शोधलेले बरेचसे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या रंगावर एक्झिमा लालभडक दिसेलच असं नाही. करडा, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो. "लाल नाहीये, म्हणजे फार नसेल" असं समजून उशीर होतो.

कडुनिंब, पुतण्याला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण आत दाबलं जाणं असं काही नसतं. रोग त्वचेच्या भिंतीतच आहे. मातीच्या भिंतीचं सारवण निघालं की ओल आत शिरते आणि भिंतीला तडे जातात, तसं यांच्या त्वचेतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं खुपणारं सगळं आत येतं. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष काही जणांत याच्या मुळाशी असतो, हे २००६ मध्ये कळलं. म्हणून उपचारांचा पाया म्हणजे रोजचं सारवण, भरपूर मॉइश्चरायझर. मलम त्यानंतर.

शब्दवेल

नीलमोहर ताई, खूप उपयोगी. भिंतीचं उदाहरण घरी वाचून दाखवलं.

एक विचारू? माझ्या मुलीच्या गालावर पांढुरके डाग आहेत. एका नातेवाईकांनी कोड म्हणून सांगितलं, तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. दुसरे म्हणतात कॅल्शियम कमी आहे.

नीलमोहर

शब्दवेल, प्रत्यक्ष दाखवाच, पण धीर धरा. कोरड्या त्वचेच्या मुलांत गालांवर कडा पुसट असलेले, किंचित कोंड्यासारखे सुटणारे फिकट डाग फार सर्रास दिसतात. तो एक्झिमाचाच सौम्य भाऊबंद असतो. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे आणि कडा स्पष्ट असलेले असतात. कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव, काही महिन्यांत रंग भरून येतो.

सुगरण_पेठेतली

मी मोठ्यांच्या बाजूने लिहिते, कारण लहान मुलांचंच बोलणं होतं.

माझा घरगुती जेवणाचा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, फक्त या तीन बोटांची टोकं फुटायला लागली. भेगा इतक्या खोल की लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी. उजवा हात स्वच्छ. मी साबणाला दोष दिला, भांडी घासायची पावडर बदलली, काही फरक नाही. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मला काहीही न सांगता विचारलं, "लसूण कशी सोलता, करून दाखवा." मी हवेतच दाखवलं. डाव्या हाताच्या तीन बोटांत पाकळी धरायची, उजव्या हातात सुरी. त्या म्हणाल्या, झालं निदान. नंतर पॅच टेस्टमध्येही, म्हणजे संशयित गोष्टी पाठीवर चिकटवून बघतात त्या तपासणीत, लसणाची ॲलर्जी निघाली.

आता सोलायला बाई आहेत आणि मी लसणाला हात लावत नाही. बोटं तीन महिन्यांत भरली. इतकी वर्षं सोलत होते, तेव्हा काही झालं नव्हतं, हे मला खरं वाटत नव्हतं. पण ॲलर्जी कधीही सुरू होऊ शकते म्हणे.

हडपसरकर

सुगरण ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांना वयाच्या ५८व्या वर्षी मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या घड्यांत चट्टे सुरू झाले. आधी कधीच त्वचेचा त्रास नव्हता. एका दवाखान्यात दीड वर्ष गोळ्या चालल्या, दर पावसाळ्यात वाढायचं. ससूनच्या त्वचा विभागात दाखवलं, तिथे पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट झाली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा बघितलं. एकच चौकोन फुगून लाल झाला होता. गाजर गवत.

वडील रोज पहाटे टेकडीवर जायचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना ते गवत कमरेएवढं. हात लावायचीही गरज नाही, वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर येऊन अंगावर बसतो.

जुना_नदीकाठ

गाजर गवताचा आणि पुण्याचा संबंध फार जुना आहे बरं. १९५६ साली भारतातली याची सुरुवातीची नोंद पुण्यातूनच झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. आमच्या लहानपणी याला काँग्रेस गवत म्हणायचे. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे सुरुवातीचे अहवालही १९७०च्या दशकात पुण्यातल्याच रुग्णांवर लिहिले गेले. वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना उपटायला लावताना आधी हातमोजे वाटायचो. ते खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ पासून बंगळूरला सोडले गेले, पण गवत काही गेलं नाही.

हडपसरकर, वडिलांनी फिरणं सोडलं का? सोडू नये.

हडपसरकर

नाही काका, सोडलं नाही. आता सोसायटीच्या आत चक्कर मारतात, घरी आल्यावर लगेच आंघोळ आणि कपडे बदलतात, कपडे बाहेर वाळत घालत नाही. सुरुवातीला काही महिने गोळ्याही घ्याव्या लागल्या. पूर्ण गेलं नाही, पण या वर्षी पावसाळा बरा गेला.

रात्रपाळी

मला लहानपणापासून आहे, आता ३४. बहुतेक जणांचं वयात येताना कमी होतं, माझं झालं नाही. तुम्ही पालक लिहिताय ते वाचून आई आठवली, ती रात्रभर माझे हात धरून बसायची.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, स्टिरॉइडचं इंजेक्शन. कॉलेजात असताना एका डॉक्टरांकडे दर दोन महिन्यांनी एक घ्यायचो. तिसऱ्या दिवशी त्वचा आरशासारखी, सहाव्या आठवड्यात आधीपेक्षा वाईट. वर्षभर हेच. मलम आणि इंजेक्शन या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, लोक दोन्हीला "स्टिरॉइड" म्हणून एकाच पोत्यात घालतात.

दुसरी, मलमांच्या पलीकडेही बरंच आहे. मला आधी प्रकाशोपचार दिले, आठवड्यातून तीनदा. मग सायक्लोस्पोरिन, हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, त्याच्याबरोबर रक्तदाब आणि किडनीच्या तपासण्या. गेलं वर्षभर ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन, दोन आठवड्यांतून एकदा. ते २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आता इथेही मिळतं. महाग आहे, विम्याशी भांडावं लागलं. पण पहिल्या महिन्यानंतर एका सकाळी गजर वाजला तेव्हा मला कळलं की मी रात्रभर झोपलो होतो. असं शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना.

दोन_पोरांची_आई

सांगितल्याप्रमाणे आले. मला जे कुणी आधी सांगायला हवं होतं, ते लिहिते.

किती लावायचं हेच कुणी सांगत नाही. मी पन्नास ग्रॅमची मॉइश्चरायझरची ट्यूब महिनाभर पुरवायचे आणि फरक पडत नाही म्हणून रडायचे. मूल लहान असलं तरी पूर्ण अंगाला आठवड्याला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम लागतं. मोठा डबा घ्या, वास नसलेलं, साधं, घट्ट. डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, पंचाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं.

स्टिरॉइडचं मलम मोजायची युक्ती, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढायची. ती अर्धा ग्रॅम. त्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढा भाग होतो. आमच्या डॉक्टरांनी मुलीच्या दोन्ही कोपरांवर माझा तळहात ठेवून मला ते मोजायला लावलं होतं. घाबरून मुगाच्या दाण्याएवढं लावत राहिलं तर बरंही होत नाही आणि महिनोन्‌महिने चालू राहतं. आम्ही तेच केलं होतं.

मलम बंद झाल्यावरही, जिथे पुन्हा पुन्हा यायचं तिथे आठवड्यातून दोन दिवस लावायला सांगितलं होतं. चेहऱ्याला टॅक्रोलिमसचं मलम, ते स्टिरॉइड नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं, मुलीने आकांत केला होता. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून गार लावली, मग चाललं.

दुधाबद्दल, आम्ही आजूबाजूच्यांचं ऐकून सात महिने दूध, अंडं, गहू बंद केला. खाज तेवढीच राहिली आणि वजन दीड किलो घटलं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

कडुनिंब

पथ्याने सगळ्यांना फरक पडत नाही हे मान्य. माझ्या पुतण्याचं वेगळं असेल. पण रसायनांची भीती वाटणं चूक आहे का?

नीलमोहर

चूक नाही. भीतीला आपल्याकडे कारणही आहे. तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं आपल्याकडे बिनदिक्कत विकली गेली. नायट्यावर ती लावली की खाज थांबते, कडा पुसल्या जातात आणि बुरशी खाली मजेत वाढते. मग डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली, तरी दुकानांत अजून मिळतात. काही बिननावाच्या "शुद्ध वनौषधी" डब्यांतही स्टिरॉइड सापडतं. दोन दिवसांत जादू झाली तर मला तीच शंका येते.

पण सौम्य किंवा मध्यम मलम, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस, आणि बघणारा डॉक्टर असताना, यात त्वचा पातळ होण्याची शक्यता फार कमी. उलट महिनोन्‌महिने खाजवून जी जाड, काळी होते ती मी रोज बघते.

आणि दुधाचं, खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी, ओठ सुजणे, उलटी असं होत असेल तर ॲलर्जी तपासावी. ते नसेल तर वाढत्या मुलाचं जेवण तोडू नये.

कडुनिंबाचं पाणी झोंबत नसेल आणि उकळतं नसेल तर माझी हरकत नाही. बिबा, लिंबू आणि डाळीच्या पिठाने घासणं यांना मात्र पक्की हरकत आहे. बिब्याने भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

घाटमाथा

पाण्याचं यंत्र राहिलं. कठीण पाणी आणि इसब यांचा संबंध दिसतो, पण ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर हाच प्रयोग झाला होता, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, १२ आठवडे. इसबात फरक नाही. मी वाघोलीला आहे, आमच्या बादलीवर पांढरी पुटं चढतात, तरी हे वाचून यंत्र घेतलं नाही. तेच पैसे मॉइश्चरायझरला जातात.

शब्दवेल

विषयांतर वाटेल, पण मुलीच्या पाळणाघरात बाकीच्या आयांनी तिला वेगळं बसवायला सांगितलं. "लागण होईल." ती घरी येऊन विचारते, मी घाण आहे का? काय सांगू?

रात्रपाळी

शब्दवेल, डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, हे संसर्गजन्य नाही अशी. माझ्या आईने चौथीत घेतली होती. बाईंनी ती वर्गात वाचली आणि मला पहिल्या बाकावर बसवलं. तो बाक अजून आठवतो.

नीलमोहर

आज लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. इसबाच्या जागी अचानक वेदना, एकसारखे बारीक पाण्याचे फोड, फुटून पडलेली टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं, आणि ताप असेल तर सकाळची वाट बघू नका. तो नागिणीच्या जातीतल्या हर्पिसचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी औषध लागतं. मधासारखी पिवळी खपली धरून लस येत असेल तर जंतू शिरलेत, तेही दाखवायला हवं.

ऋतुगंध

पाच आठवड्यांनी येतेय. सगळ्यांची उत्तरं तेव्हाच वाचली होती, आधी करून बघावं आणि मग लिहावं असं वाटलं.

घाटमाथा, तुम्ही सांगितलंत म्हणून त्या रात्री भिंग घेऊन दुकानाची ट्यूब वाचली. क्लोबेटासोल, बरोबर आणखी दोन औषधं. दुसऱ्या दिवशी दोन्ही ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. म्हणाल्या, ही दुकानातली सगळ्यात तीव्र गटातली, आणि बालरोगतज्ज्ञांनी दिलेली त्यापेक्षा कितीतरी सौम्य. आम्ही जी न विचारता बारा दिवस पोराच्या घड्यांत चोळली ती सगळ्यात कडक, आणि जिला घाबरून फ्रिजवर ठेवली ती मवाळ. माझे सासरे खुर्चीत होते, ते काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी स्वतः ती पहिली ट्यूब कात्रीने कापून कचऱ्यात टाकली.

खपली खरवडून बघितली, बुरशी नव्हती. इसबच. माझ्या बहिणीला दमा आहे, नवऱ्याला सकाळी शिंका येतात, तेही विचारलं. दूध-अंडं चालू आहे. यंत्र घेतलं नाही.

मलम दहा दिवस रोज, आता शनिवार-रविवार. मॉइश्चरायझरचं काम सासऱ्यांनी घेतलंय. आंघोळीनंतर ते पोराच्या हातावर ठिपके देतात, पाच ओळी पाच ठिपके, आणि पोरगं रांगोळी जोडतात तसं बोटाने सगळे जोडून टाकतं. मग त्याची पाळी, तो आजोबांच्या कोपरावर देतो. त्यांचे कोपर सध्या घरात सगळ्यात मऊ आहेत.

गुडघ्यामागचं गेलं. डाव्या कोपरात थोडं आहे, थंडी पडली की वाढेल असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. मंगळवारपासून चादर बदललेली नाही.

शब्दवेल, चिठ्ठी मिळाली का?

शब्दवेल

मिळाली. काल दिली. आज ती म्हणाली की डबा खाताना दोघी जणी तिच्या शेजारी बसल्या होत्या.